लिंबूवाल्या आजोबांना, एका ळ बद्दल

लिंबूवाले आजोबा,

तुम्हाला मराठी येत नाही हे माहीत असून मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत 'थँक यू' सात-आठ वेळा म्हणून झालं आणि दर वेळी ते पाणी वाढवलेल्या ताकासारखं लागलं. लेक संध्याकाळी कुंपणाशी येऊन तुम्हाला अर्थ सांगेल. पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण यातलं थोडं आमच्या माणसांनीही ऐकण्यासारखं आहे.

आई जाऊन दहा आठवडे झाले. अॅडलेडला सहा महिन्यांसाठी आली होती, चौथ्या महिन्यात, जुलैच्या थंडीत गेली. अस्थी भावाने कराडला नेल्या, प्रीतिसंगमावर विसर्जन झालं. इथे अॅडलेडच्या क्लेमझिग उपनगरात तिचं उरलं ते एवढंच: कुंडीतला कढीपत्ता, दोन स्वेटर आणि तुमच्या लिंबांचं लोणचं. त्या कुंडीपाशी तिच्या नावाची छोटीशी पाटी असावी, इतकंच मनात होतं.

आईच्या नावात ळ आहे. पहिल्या पाटीवाल्याने त्याचा ल केला. दाखवून दिलं तर म्हणाला, "जवळपास तेच आहे ना?" दुसऱ्याकडून आली त्या पाटीवर इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं आणि मराठीतला काना अक्षरापासून सुटून, कॉम्प्युटर चुकला की उमटतो त्या ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला. पितळेवर, कायमचा कोरलेला. तिसऱ्याने सांगितलं, आमच्याकडे फक्त इंग्रजी. या तिघांना एक वेळ माफ. पण आमच्याच ओळखीतले एक गृहस्थ, गणपतीला मंडपात सगळ्यात मोठ्याने आरती म्हणणारे, ते म्हणाले, "अगं, ल चालतो. इथे वाचणार कोण आहे?" त्या रात्री मला झोप लागली नाही. बाळाचा बाल केला तर चालेल का हो? मग माझ्या आईचाच का चालावा?

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी उभं राहून हे सगळं रडगाणं तुमच्यापुढे गायले. तुम्ही 'हं' म्हणालात आणि आत गेलात. म्हटलं, झालं, यांनाही कंटाळा आला. तासाभराने आलात ते सुताराची चपटी पेन्सिल आणि कागद घेऊन. "लिहून दे. मोठं लिही. सावकाश, मला हात कसा फिरतो ते बघायचंय."

तुम्ही चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात हे मला आईकडून कळलं होतं. तुम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नसताना तिला ते कसं कळलं, देव जाणे. तुम्ही टोपलीभर लिंबं द्यायचात, ती वाटीभर लोणचं द्यायची. वाटी कधी रिकामी परत आली नाही, त्याचं तिला फार अप्रूप. "यांना कुणी शिकवलं गं?" आणि क्लेमझिग तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही. ती 'कळमझीग' म्हणायची, जणू कळंब, कळमनुरी यांच्याच पंगतीतलं गाव. तुम्ही हसायचात, पण दुरुस्त केलं नाहीत.

चौथ्या दिवशी फळी घेऊन आलात. इथल्या रेड गम या निलगिरीच्या झाडाचं जुनं लाकूड, त्यावर आईचं नाव पांढऱ्या रंगात, कुंचल्याने काढलेलं. सुंदर आहेच. पण मला कोसळवलं ते फळीभोवती गुंडाळलेल्या कागदाने. तो तुम्ही मला दाखवायला आणलाच नव्हता, लाकडाला ओरखडा पडू नये म्हणून जुन्या कॅलेंडरचं पान गुंडाळलं होतंत. मागची कोरी बाजू ळ ने भरलेली. वरच्या ओळीतले ळ आडव्या पडलेल्या आठासारखे. मग चष्म्यासारखे. मधल्या एका ओळीत सगळे एकाच बाजूला कललेले, त्यावर तुम्ही रागाने काट मारलेली. खाली येता येता ते ताठ होत गेले आणि शेवटच्या ओळीत असे उतरले की माझ्या शाळेतल्या बाईंनी शेरा दिला असता. मी मोजले. त्र्याण्णव. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाने, थरथरत्या हाताने, कुणीही सांगितलेलं नसताना.

"आधी रेघ की आधी अक्षर?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा मला क्षणभर उत्तर सुचेना. आम्ही अक्षर आधी काढतो, रेघ मागून. तुम्ही पेंटर, तुमची रेघ आधी आखलेली. मग तो ळ म्हणूनही बघायचा हट्ट! जीभ मागे वळवता वळवता तुमची कवळी सुटायला आली आणि आईनंतर पहिल्यांदा मी पोट धरून हसले.

एका अक्षराचं तुम्हाला इतकं का लागलं, ते त्या दिवशी चहावर कळलं. तुमच्या पूर्वजांचं हे गाव. प्रशिया या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने दोन पंथांची चर्च एकत्र करून नवी उपासनापद्धती लादली. ती न मानणारे ल्यूथरपंथी पाद्री ऑगस्ट कावेल यांच्यामागे निघाले आणि 1838 च्या नोव्हेंबरात 'प्रिन्स जॉर्ज' जहाजाने इथे पोचले. टॉरेन्स नदीकाठची जमीन जॉर्ज फाइफ अँगस यांची, तीही भाड्याने. मागे सोडलेल्या गावाचं नावच त्यांनी या मातीच्या घरांना दिलं. (ते मूळचं क्लेमझिग आज पोलंडमध्ये आहे, नावही बदललंय.) आम्ही गाव सोडतो तेव्हा 'कर' लावून आडनावात घेऊन फिरतो, तुमच्या लोकांनी ते जमिनीवर ठेवलं.

काही वर्षांत बरेच जण बरोसा खोऱ्यात गेले, मागे थोडी घरं आणि दफनभूमी राहिली. मग पहिलं महायुद्ध आलं. 1917 साली कायदा झाला, राज्यातली 69 जर्मन नावं पुसायचं ठरलं आणि क्लेमझिगचं 'गाझा' झालं, तिकडे पॅलेस्टाइनमध्ये लढाई झाली म्हणून. त्याच वर्षी 49 ल्यूथरन शाळांना कुलूप लागलं. तुमच्या वडिलांची शाळा त्यातलीच. पाकिटावर पत्ता लिहिताना वडील गावाच्या नावापाशी आले की पेन उचलून थांबायचे, असं तुम्ही सांगितलंत. नाव परत मिळालं 1935 मध्ये. फुटबॉल क्लब मात्र अजून गाझाच. तुम्ही त्याच क्लबाकडून खेळलात, आणि तेही नाव आता बदलू नये असं तुम्हाला वाटतं!

मी हळहळले, तर मला थांबवलंत. "आमचं अठरा वर्षंच गेलं. नदीला विचार." टॉरेन्सचं आधीचं नाव कारावीरा पारी, इथल्या मूळच्या कौर्ना लोकांचं, रेड गमच्या रानाची नदी. मग मी फळीच्या लाकडाकडे बघितलं. तुम्ही काही बोलला नाहीत, कपात बिस्किट बुडवत राहिलात.

आज इथे कोण येऊन राहिलंय याचं त्या भाडेकरू शेतकऱ्यांना नवलच वाटलं असतं. कठड्यांमधून धावणारी ओ-बान बस आईला फार आवडायची, "बसला रूळ कशाला?" म्हणत ती तीनदा टी ट्री प्लाझा मॉलपर्यंत उगाच जाऊन आली. पण वर्षानुवर्षं राहूनही या उपनगरात मला माझं नाव नीट म्हणणारे चारच भेटले. बाकीचे सोयीचं टोपणनाव सुचवतात, हसून. वाईट नसतात ती माणसं. पूर आला, आग लागली तर धावत येतील. एक अक्षर शिकायला मात्र बसणार नाहीत.

ते कॅलेंडरचं पान मी परत देणार नाही, आधीच सांगते. फ्रेम करायला टाकलंय.

फळीला रंगाचा दुसरा हात द्यायचा म्हणालात, तो डिसेंबरच्या उन्हाआधी द्या. आणि लेकीबरोबर वाटी पाठवते आहे. आईच्या हातची ही शेवटची बरणी, त्यातलं निम्मं तुमचं. खार जास्त आहे, तिने या खेपेला मीठ अंदाजाने टाकलं होतं. टोस्टवर लावून खाता ते मला माहीत आहे, आईला मी कधी सांगितलं नाही.

तुमची,
कुंपणापलीकडची