मंत्रिमहोदय, मुंबईचा जॅझ परका नाही

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
सांस्कृतिक कार्य, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या सरांना पोस्टाने एक सरकारी पत्र आलं. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी केलेला त्यांचा अर्ज नामंजूर झाला आहे. कारणाच्या रकान्यात दोनच ओळी आहेत. सादर केलेले पुरावे ग्राह्य धरता येत नाहीत, आणि पाश्चात्त्य संगीतप्रकार निकषांत बसत नाही. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

माझे सर ट्रम्पेट वाजवायचे. आता ऐंशीच्या घरात आहेत. पुढचे दात गेले की ट्रम्पेटवाल्याचं वाजवणं संपतं, कवळीवर ओठांची पकड बसत नाही. मागच्या वर्षी एका जाहीर कार्यक्रमात याच सरांना शाल-श्रीफळ दिलं गेलं. तेव्हा एका बड्या अधिकाऱ्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं की सरांचं मानधन आपण लवकरात लवकर सुरू करतोय. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. त्या शब्दावर विसंबून मी कागद जमवले. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स साक्षांकित करून दिल्या. सर स्वतः कधीच अर्ज करणार नव्हते. म्हणून हे पत्रही मीच लिहितोय.

पुरावे ग्राह्य नाहीत म्हणजे काय, ते आधी सांगतो. सरांकडे रेकॉर्डिंगच्या डायऱ्या आहेत. एकेका दिवसाची नोंद निळ्या शाईत आहे: तारीख, स्टुडिओ, संगीतकाराचं नाव, शिफ्ट किती वाजता सुटली, हातात किती पैसे पडले. ताडदेवचं फिल्म सेंटर तर दर चार पानांआड सापडतं. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने त्या डायऱ्या उघडल्यासुद्धा नाहीत. छापील पुरावा आणा, म्हणाले. साहेब, छापील पुरावा आणायचा कुठून? तबकडीवर गायकाचं नाव छापायचे, संगीतकाराचं छापायचे. मागे बसून वाजवणाऱ्या चाळीस-पन्नास माणसांची नावं छापायचीच नाहीत. सिनेमावाल्यांनी नाव दिलं नाही, म्हणून आता सरकारही देणार नाही, हा कुठला न्याय?

आता दुसरी ओळ. ती मला जास्त लागली आहे. पाश्चात्त्य संगीतप्रकार! जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेलं संगीत, मुंबईचं कसं झालं ते ऐका.

१९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. त्यांच्या स्वतःच्या देशात रेल्वेचे डबे आणि हॉटेलांचे दरवाजेही कातडीच्या रंगावरून वेगळे असायचे. इथे त्यांनी नोकरी केली आणि इथल्या पोरांना शिकवून तयार केलं. ती पोरं कोण होती? आल्डोना गावचा आंतोनियो वाझ, ज्याला अख्खी मुंबई चिक चॉकलेट म्हणायची. रुडी कॉटन, मूळचा पारशी. फ्रँक फर्नांड. मिकी कोरिया, ज्याने १९३९ पासून जवळजवळ वीस वर्षं ताजचा बँड चालवला. परळ-लालबागला कोकणातल्या चाकरमान्यांच्या जशा गावकीच्या खोल्या होत्या, तसे धोबीतलावच्या आजूबाजूला गोव्यातल्या एकेका गावाचे कूड होते. खाटेखाली ट्रंक, ट्रंकेवर व्हायोलिनची पेटी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची आणि मग कामावर निघायचं. गिरणीची पाळी करणारा आणि हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवणारा, दोघेही याच शहरात पोटासाठी आले होते. एकाच्या शाहिरीला आपण महाराष्ट्राची परंपरा म्हणतो, आणि ते रास्तच आहे. मग दुसऱ्याच्या ट्रम्पेटला परका का म्हणता?

आणि हे फक्त गोवेकरांचं होतं असंही नाही. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांनी चिक चॉकलेटला हाताशी धरलं. १९५१ चा 'अलबेला' बघा. भगवानदादांच्या ज्या नाचावर गणपतीत अजून पोरं नाचतात, त्याच्या मागे तो बँड वाजतोय. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, १९५८ मध्ये आपला ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्सच्या पटांगणात भारतीय रागांवर बांधलेलं संगीत सादर केलं. पुढे १९७७ मध्ये शिष्याने गुरूचं नाव एका गाण्यात घातलं आणि सगळा देश ते नाव घेऊन नाचला. तो खराच कोणी माणूस आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं.

२०१९ मध्ये युनेस्कोने मुंबईला चित्रपटाचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. त्याच्या आदल्या वर्षी ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा ठरवलं. दोन्हींचा अभिमान मलाही आहे. पण त्या आर्ट डेको इमारती बांधल्या जात होत्या तेव्हा त्यांच्यातून आणि त्यांच्या शेजारच्या हॉटेलांतून जे संगीत ऐकू यायचं, ते हेच. त्या चित्रपटांच्या गाण्यांत जे ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, वाजतं, तेही हेच. दगडाला वारसा म्हणायचं, पडद्याला वारसा म्हणायचं, आणि वाजवणारा जिवंत म्हातारा दारात आला की निकषात बसत नाही म्हणायचं!

परकं म्हणायचंच झालं तर पेटीचं काय करायचं? हार्मोनियम युरोपातून आली. ऑर्गनशिवाय आपलं नाट्यसंगीत उभं राहिलं नसतं, बालगंधर्वांच्या मागे ऑर्गनच वाजत होता. व्हायोलिन, क्लॅरिनेट, आपल्या लग्नाच्या वरातीतला सगळा बँड, हे सारं बाहेरून आलं आणि मुंबईने, महाराष्ट्राने ते आपलंसं केलं. शहर घडतं ते असंच. ज्या गावात बाहेरचा सूर शिरूच शकत नाही, त्याला स्वतःचा आवाज येत नाही. मुंबईला तो आला, कारण इथे लावणी, कव्वाली, पोवाडा, गोव्याचा मांडो आणि जॅझ एकाच ट्रामच्या मार्गावर वाजत होते.

वाजायला जागा हव्यात, आणि त्या जागांचं तुम्ही लोकांनी काय केलंत? चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडवर, पन्नास-साठच्या दशकात एकामागोमाग एक रेस्टॉरंटात बँड होते. गोव्याची गायिका लोर्ना तिथेच गायची. १९५८ मध्ये अमेरिकेतला जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत येऊन सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवायला बसला. तिकडचेच जॅझचे दिग्गजही आले: १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन, १९६४ मध्ये ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा हा महोत्सव भरवला, अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स त्या उघड्या रंगमंचावर वाजवून गेला. ते रंगभवन गेली वीस वर्षं आणि वर मुकं पडलंय. शेजारी रुग्णालय आहे, कॉलेज आहे, त्यामुळे १०० मीटरचं शांतता क्षेत्र लागू होतं, हे मला मान्य आहे. आजाऱ्याला झोप मिळालीच पाहिजे. पण आवाज बाहेर जाणार नाही असं छत आणि भिंती बांधायला कोणी अडवलं होतं? कधी घोषणा झाली की इथे मराठी भाषा भवन होणार, मग ते चर्नी रोडला गेलं. ना भाषा आली, ना संगीत परत आलं.

मी स्वतः तीस वर्षांहून जास्त काळ सॅक्सोफोन वाजवतो. पोटासाठी वरातीत वाजवलं, मेमध्ये भर दुपारी कोट घालून. मुंबईत छोट्या जागा भाड्याने मरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. लोअर परळच्या गिरणीतलं ब्लू फ्रॉग २००७ ला उघडलं आणि २०१६ ला बंद झालं. पाचशे रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, वर पोलिसांचा परवाना, वाजवण्याचा परवाना, ध्वनिक्षेपकाचा परवाना. चार माणसांचा बँड आणि साठ श्रोते, एवढ्यासाठी खिडक्या पालथ्या घालायच्या. माझी मुलगी ड्रम शिकली, छान वाजवते. ती आता बंगळूरला आहे. इथे सरावाची खोलीसुद्धा परवडत नाही म्हणून गेली. तिला परत ये म्हणायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही, आणि त्याचा राग मी कोणावर काढायचा?

राग फक्त एका खात्यावर नाही. या राज्यात कलावंत म्हटला की तो व्यासपीठावर शाल घेताना हवा असतो, कार्यालयाच्या खिडकीत नको असतो. महोत्सवांच्या निविदा निघतात, मांडववाले, एलईडीवाले, निवेदक, सगळ्यांना पैसे वेळेवर मिळतात, आणि वाजवणाऱ्याला धनादेशासाठी सहा महिने थांबा म्हणतात. संस्कृती म्हणजे इमारत, पुतळा आणि उद्घाटन, असंच प्रत्येक पक्षाच्या सरकारने धरलं. जॅझचं जन्मगाव असलेल्या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सने आपल्या विमानतळाला आर्मस्ट्राँगचं नाव दिलं. मुंबईत चिक चॉकलेटच्या नावाची साधी पाटी बघायला मी कुठे जाऊ?

३० एप्रिल हा युनेस्कोने ठरवलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस आहे. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र दिन असतो. ३० एप्रिलच्या संध्याकाळी शहरातल्या एखाद्या सरकारी नाट्यगृहात जॅझ वाजवणाऱ्यांना विनाभाडं वाजवू द्या. रंगभवनाचं काय करणार, ते तारीख घालून सांगा. आणि जे वादक हयात आहेत त्यांच्या डायऱ्या, फोटो, तोंडी आठवणी पुरावा म्हणून धरा. सिने-वादकांच्या संघटनेकडून खातरजमा करून घ्या, हवं तर त्यांना बोलावून चार स्वर म्हणून दाखवायला सांगा.

सरांचं मानधन महिन्याला ५००० रुपये झालं असतं. औषधांवर जाणारे पैसे त्याहून जास्त आहेत, तेव्हा प्रश्न रकमेचा नाही. शेऱ्याचा आहे. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, असं छापील उत्तर मला पाठवू नका. तो शेरा रद्द करा, सरांच्या डायऱ्या उघडून वाचा आणि नवा आदेश काढा. तो त्यांच्या हयातीत निघाला पाहिजे.

आपला,
गिरगावातला एक सॅक्सोफोनवादक