मग कुठंय तुझा मग?

प्रिय सुमे,

"मग कुठंय माझा मग?" हा जोक तू आता चौथ्यांदा मारलायस, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकण्यापेक्षा म्हटलं सगळं नीट लिहूनच टाकू. तर तुझ्यासाठी कुंभाराच्या चाकावर मातीचे आत्तापर्यंत 3 मग केले आणि तिन्ही गेले.

पहिला चांगला झाला होता गं, चाकावर अगदी सरळ उभा राहिला. पण हँडल नंतर लावू म्हणून ठेवला नि घरी पाहुणे आले, दोन दिवसांनी गेले तर मग पांढुरका पडलेला. तरी ओरखडे काढले, स्लिप लावली (स्लिप म्हणजे तीच माती पाण्यात कालवून ताकासारखी केलेली) आणि हँडल चिकटवलं. सकाळी हँडल खाली पडलेलं. कारण साधं आहे, माती सुकताना आकसते, मग आकसून बसला होता आणि ओलं हँडल आत्ता आकसायला लागलं, मग सांध्यालाच फाटणार ना!

त्यासाठी मधली एक स्टेज असते, लेदर हार्ड म्हणतात. बोट दाबलं तर खड्डा पडत नाही पण नखानं रेघ उमटते, थंड चीझच्या वडीसारखी लागते. हँडल लावणं, बूड तासणं, नक्षी, सगळं तेव्हाच. आणि ही वेळ काही सांगून येत नाही, मे महिन्यात पंख्याखाली दोन-तीन तासांत निघून जाते आणि जुलैत चार दिवस वाट बघायला लावते. मी आता प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवते, आणि तरीही चुकते.

दुसरा मग सुकलाय असं वाटून मीच भट्टीत द्यायची घाई केली. सुकलाय की नाही ते गालाला लावून बघायचं असतं, गार लागला तर आत पाणी आहे. मी हातानंच बघितलं. पाण्याची वाफ झाली आणि बूड उडालं, वर शेजारच्या बाईंच्या वाटीला टवका गेला, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते मला. सगळे म्हणतात हवेचा बुडबुडा राहिला असेल, पण खरा दोष बहुतेक वेळा ओलीचाच असतो.

एक मात्र भारी आहे. भाजायच्या आधी काहीही बिघडलं तरी माती वाया जात नाही. पूर्ण वाळलेला तुकडा पाण्यात टाकला की फसफसत मिनिटांत गाळ होतो, आणि गंमत म्हणजे अर्धवट ओला टाकला तर तसाच ढिम्म बसून राहतो. म्हणून मोडलेलं आधी खडखडीत वाळवायचं मग भिजवायचं. एकदा साधारण 600 डिग्रीच्या वर गेली की मात्र संपलं, मग ती पुन्हा माती होत नाही.

तिसरा लाल मातीचा केला, हट्टानं. रंग काय सुंदर आला, त्यातल्या लोहामुळे येतो तो. पण लाल माती 1000-1100 ला भाजतात, छिद्रं उरतात, आपल्या माठात पाणी गार होतं ते त्यामुळेच ना, पाझरतं आणि उडतं. माझं ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) आत नीट बसलं नव्हतं, चहा ओतला तर टेबलावर गोल डाग. त्यात आता पेन्सिली ठेवल्यात.

म्हणून चौथा स्टोनवेअरचा, तो 1200 च्या पुढे भाजतात, अंग घट्ट होतं, पाणी पीत नाही. पोर्सिलेनचा मागशील तर मागू नकोस, ती पांढरी माती बघायला लोण्यासारखी पण चाकावर बसकण मारते, आणि एकदा वाकडी झालेली हातानं सरळ केली तरी भट्टीत पुन्हा वाकडी होते. डूख धरते मेली.

आता एक काम कर. ही माती ओल्यापासून भाजेपर्यंत 12 टक्के आकसते, 10 सेंटीमीटरचा 8.8 होतो. तुझा तो ऑफिसातला आवडता मग पट्टीनं मोज, उंची आणि वरचं तोंड दोन्ही, आणि हँडलमध्ये किती बोटं घालतेस तेही कळव. रविवारी चाकावर बसतेय, शनिवारपर्यंत पाठव.

तुझी,
मेधा

ता. क. पाहुणे तूच होतीस, पहिल्या मगाच्या वेळी.