साठीची गिऱ्हाइकं येतायत

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं फिटनेस ट्रेनरच्या कोर्सचं माहितीपत्रक वाचलं. बॉडी ट्रान्सफॉर्मेशन, फॅट लॉस, सप्लिमेंट, इन्स्टावर क्लायंट कसे मिळवायचे. रक्तदाबावर एक ओळ नाही, मधुमेहावर नाही. फी मात्र भरभक्कम! फोनवर तू ‘हो गं आई’ म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहितेय.

एआयच व्यायामाचा तक्ता बनवणार, मग ट्रेनर कशाला, असं तू म्हणालास. तक्ता देण्याचं काम जाणारच, सेट आणि रेप्स ॲप आजही सांगतं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने 2025 साठी फिटनेसमधले कल सांगितले, त्यात पहिला नंबर अंगावर घालायच्या घड्याळांसारख्या उपकरणांचा, दुसरा मोबाइल ॲपचा आणि तिसरा वयस्कांच्या व्यायामाचा. पहिल्या दोघांना तू घाबरलास, तिसऱ्याकडे बघितलंच नाहीस.

ती तिसरी माणसं मला रोज वॉर्डात भेटतात. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. डॉक्टर त्यांना ‘व्यायाम करा’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. कुठला व्यायाम, कुणाकडे जाऊन, हे सांगायला कुणाला वेळ आहे?

समज, एक काका तुझ्याकडे आले. घड्याळ बहुधा 220 मधून वय वजा करून नाडीची कमाल धरतं आणि त्यावरून टार्गेट देतं. काका बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेत असतील तर त्यांची नाडी तेवढी चढतच नाही. घड्याळ म्हणणार अजून जोर लावा, इकडे काकांचा जीव वर आलेला. तिथे बघायचं, की चालता चालता यांना दोन वाक्यं धड बोलता येतायत का. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं, तर तो व्यायामाचा घाम समजू नकोस. साखर उतरलेली असू शकते. तो शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरेचं पाणी दे. म्हणून पहिल्या दिवशी वजनकाट्याआधी विचारायचं, ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ गोळी बदला, कमी करा, हे मात्र तू कधीच सांगायचं नाही. शंका आली तर त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी पाठव. नीट चिठ्ठी लिहिता येणं हेसुद्धा शिकायला लागतं, आणि तुझं अक्षर मला माहीत आहे.

आणखी एक. वजन उतरवणारी मौंजारो, वेगोव्ही ही इंजेक्शनं 2025 मध्ये आपल्याकडे आली. त्यांनी चरबीबरोबर थोडे स्नायूही उतरतात. अशा माणसाला वजनं उचलायला शिकवणारा कुणीतरी लागणारच. (त्याच्या गळ्यात प्रोटीनचा डबा मारू नकोस.) पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खुब्याचं हाड मोडून आमच्याकडे आलेल्या आज्या बघितल्यास तर का ते कळेल.

तेव्हा त्या कोर्सवाल्यांना विचार, वयस्क आणि आजारी माणसांबरोबर प्रत्यक्ष किती तास काम करून घेता? उत्तर आलं तर फीचा पहिला हप्ता मी भरते. गोलगोल बोलले तर दुसरा कोर्स शोधू.

सीपीआरसाठी, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायला शिकण्यासाठी, कोर्सची वाट बघू नकोस. दिवाळीला आलास की आमच्या ट्रेनिंगच्या पुतळ्यावर मीच शिकवेन. मिनिटाला 100 ते 120 दाब, आणि छाती 5 सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे. तुझ्या जिममधल्या त्या दुसऱ्या पोरालाही घेऊन ये.

तुझी,
आई