आकडे बरोबर, पद्धत निसटली

स्कॉटलंडमधील स्थानिक परिषदांच्या प्रभागनिहाय निकालांवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. आकडेवारी चोख आहे, परंतु २००७मध्ये मतदानाची पद्धतच बदलली, हा कळीचा मुद्दा त्यात निसटला आहे. २००३मध्ये ग्लासगोत मजूर पक्षाने निम्म्याहून कमी मतांवर ७९पैकी ७१ जागा पटकावल्या होत्या; तीन-चार सदस्यांचे प्रभाग आले, मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहू लागले, जागा साधारण या पसंतीच्या प्रमाणात वाटल्या जाऊ लागल्या आणि २००७मध्ये त्याच पक्षाच्या जागा ४५वर आल्या. मतांतील घट त्यामानाने किरकोळ होती. आपल्याकडच्या महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागांत मात्र प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत असल्याने एकच पक्ष अख्खा प्रभाग सहज खिशात घालू शकतो. प्रभागरचनेवर तावातावाने भांडणारे पक्ष याविषयी चकार शब्द काढत नाहीत.

— एक वाचक, पुणे