एक अपडेट नको म्हणजे सगळेच नकोत असं नाही

संपादक महोदय, नमस्कार.

कॉम्प्युटरच्या अपडेटबद्दल पेपरात आणि सगळीकडेच जे छापून येतं त्यात बहुतेक दोनच सल्ले असतात. एक म्हणजे अपडेट आलं की लगेच टाका, आणि दुसरा म्हणजे फारच त्रास होत असेल तर सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे विंडोज मागच्या मागे चालवत असलेल्या कामांच्या यादीत, जाऊन विंडोज अपडेट डिसेबल करून टाका. पहिला अर्धवट आहे आणि दुसरा चक्क धोक्याचा. या दोघांच्या मधे एक नीट रस्ता आहे, बाकी सगळे अपडेट्स चालू ठेवायचे आणि जे एक त्रास देतंय तेवढंच लपवायचं, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं म्हणून हे पत्र.

विंडोज ७ वापरलेल्यांना आठवत असेल, अपडेट्सच्या यादीत राइट क्लिक केलं की 'हाइड अपडेट' यायचं, ते दाबलं की ते अपडेट यादीतून जायचं आणि पुढे कधी हवं झालं तर 'रिस्टोअर हिडन अपडेट्स'मधून परत आणता यायचं, बस एवढंच. जुलै २०१५ मधे विंडोज १० आलं आणि ही सोय सेटिंग्जमधून गेली, होम एडिशनवाल्यांना तर निवडायला काही ठेवलंच नाही. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने 'शो ऑर हाइड अपडेट्स' नावाचं एक छोटं टूल वेगळं डाउनलोड करायला दिलं. ते टूल खरंच चांगलं आहे. चालू करायचं, हाइड अपडेट्स निवडायचं, यादीत नको त्यावर टिक करायची, झालं. फक्त अपडेट बसायच्या आधी करायला हवं. आधीच बसलं असेल तर अपडेट हिस्ट्रीत जाऊन पहिल्यांदा अनइन्स्टॉल करा, रिस्टार्ट झाल्या झाल्या टूल चालवून ते लपवा, मधे वेळ गेला की विंडोज तेच अपडेट परत आणून बसवतं आणि मग लोकांना वाटतं की टूलच चालत नाही.

पण हे टूल ज्या जुन्या ट्रबलशूटर (अडचणी शोधून दुरुस्त करणाऱ्या) यंत्रणेवर चालतं ती मोडीत काढायचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मधेच जाहीर केलंय. त्यामुळे लोक आता हे टूल कुठल्या कुठल्या अनोळखी साइटवरून उतरवतात आणि कॉम्प्युटर सांभाळायच्या नादात भलतंच काहीतरी आत घेतात. ही मला सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट वाटते.

लपवण्याचा खरा उपयोग ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटरसारखं एखादं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, होतो. प्रिंटर किंवा ग्राफिक्स व्यवस्थित चालू असतं आणि विंडोज अपडेट वरून दुसराच ड्रायव्हर टाकतं, मग प्रिंट निघत नाही किंवा स्क्रीन काळी. प्रो एडिशनमधे ग्रुप पॉलिसीत (विंडोजने कसं वागायचं ते नियम ठरवायची जागा) 'अपडेटबरोबर ड्रायव्हर नको' असं एकदा सांगून ठेवता येतं, होममधे तो ग्रुप पॉलिसी एडिटरच नसतो, म्हणजे ज्यांच्याकडे विचारायला कोणी तांत्रिक माणूस नाही त्यांच्याच हातात सगळ्यात कमी. महिन्याच्या मोठ्या अपडेटचं गणित मात्र वेगळं आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारं ते अपडेट क्युम्युलेटिव्ह असतं, सगळ्या दुरुस्त्या एकाच गठ्ठ्यात, त्यातली एक वगळून बाकी घ्या असं होत नाही. ते लपवलं तर त्या महिन्याची सिक्युरिटीही गेली, आणि पुढच्या महिन्यात तेच सगळं नव्या केबी नंबरने (प्रत्येक अपडेटचा ओळख क्रमांक) येतं. म्हणून ते लपवायचं तर दुरुस्त केलेलं येईपर्यंतच, कायमचं नाही.

अपडेटच्या सेटिंग्जमधलं 'पॉज' म्हणजे लपवणं नाही हेही लोकांना माहीत नसतं. पॉज केलं की सगळंच थांबतं, चांगलं वाईट दोन्ही, ते साधारण ३५ दिवस ताणता येतं आणि मग परत पॉज करायच्या आधी साचलेलं सगळं घ्यावं लागतं. चार दिवस महत्त्वाचं काम असेल तर पॉज चांगलं, एका बिघडलेल्या ड्रायव्हरसाठी नाही.

आणि सर्व्हिस डिसेबल करणं म्हणजे एक दिवा लुकलुकतो म्हणून घराचा मेन स्विच पाडणं. स्टोअरमधली ॲप्स अडकतात, आणि विंडोज १० पासून मेडिक नावाची एक सर्व्हिस बंद केलेलं अपडेट आपलं आपण पुन्हा चालू करते, म्हणजे धड बंदही राहत नाही. धोका किती असतो ते २०१७ मधे सगळ्यांनी पाहिलंय. वॉनाक्राय नावाचा फायली लॉक करणारा व्हायरस मे महिन्यात पसरला, त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमधेच आला होता, ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्या फायली लॉक झाल्या, ब्रिटनमधली हॉस्पिटलं सुद्धा अडकली.

पण लोक इतके वैतागतात का हेही समजून घ्या. ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायली उडवत होतं, मायक्रोसॉफ्टला ते देणं थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरमधे परत द्यावं लागलं. त्याच्या आधी विंडोज १० घ्या म्हणून मागे लागणारं केबी ३०३५५८३ लोक लपवायचे आणि ते परत परत यादीत यायचं. माणसाने 'नको' म्हटलेलं मशीनने ऐकलं नाही की तो पुढच्या वेळी अख्खं अपडेटच बंद करून टाकतो, मी ओळखीपाळखीतल्या लोकांची मशीन बघून देते आणि हे पुन्हा पुन्हा बघते. उबुंटू या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधे एका कमांडने एकच पॅकेज (एखादा प्रोग्रॅम) 'होल्ड' करता येतं, म्हणजे आहे तसं थांबवून ठेवता येतं, आणि बाकी सगळं अपडेट होत राहतं, तेव्हा जमत नाही असं कोणी सांगू नये. सेटिंग्जमधे प्रत्येक ड्रायव्हरसमोर 'लपवा' असं बटण हवं, होमलाही, आणि काय काय लपवलंय त्याची यादी तिथेच दिसायला हवी म्हणजे सहा महिन्यांनी कोणी विसरणार नाही.

तुमच्या पेपरालाही एक विनंती. एखाद्या अपडेटने घोळ घातल्याची बातमी देताना त्याचा केबी नंबर जरूर छापा, ते विंडोजच्या कुठल्या व्हर्जनसाठी आहे ते लिहा, आणि मायक्रोसॉफ्टच्या रिलीज हेल्थ पानावर त्या त्या व्हर्जनच्या माहीत असलेल्या अडचणी लिहिलेल्या असतात ते वाचून दुरुस्ती आलीय का तेही सांगा. नुसतं 'विंडोजच्या नव्या अपडेटमुळे कॉम्प्युटर बंद' असं छापलं की वाचणारा नेमकं काय लपवायचं ते न कळल्याने सगळंच बंद करतो.

आपली,
एक वाचक