ढिगाला काडी लावण्याआधी

प्रिय लेकी,

फोटो पाहिला. फांद्या-वेलींचा ढीग तुझ्या डोक्याच्याही वर गेलाय. "बाबा, मशीन आणू की काडी लावू?" असं विचारलंस. आधी ढीग उकल, मग उत्तर आपोआप निघेल. मनगटाएवढ्या सरळ फांद्या एकीकडे काढ. वेली, मुळासकट उपटलेली खोडं आणि कीड लागलेल्या, रोगट फांद्या दुसरीकडे.

सरळ फांद्या चिपरमध्ये, म्हणजे फांद्यांचा चुरा करणाऱ्या मशीनमध्ये. मशीन भाड्याने आण. वर्षातून दोन दिवस लागणारं यंत्र विकत घेतलं की उरलेलं वर्ष ते गंजत बसतं. फांदी बुडख्याकडून घालायची. सैल बाह्या, लोंबती दोरी अंगावर नको. अडकलंच तर इंजिन पूर्ण बंद करून मगच बघ, हाताने ढकलायचा मोह आवर. मुळं त्यात घालू नकोस, त्यांना चिकटलेल्या माती-खड्यांनी पाती बोथट होतात. वेली तर आत गुंडाळूनच बसतात.

चुरा झाडांभोवती ८ ते १० सेंटिमीटर जाड पसर. खोडाला टेकवू नकोस, साल कुजते. मातीत कालवायचा तर मुळीच नाही. लाकडात कार्बन भरमसाट आणि नायट्रोजन नावाला. ते कुजवणारे जिवाणू मग मातीतला नायट्रोजन ओढून घेतात, आणि रोपं पिवळी का पडली म्हणून आपण डोकं खाजवत बसतो. चुरा वरवर राहिला तर ही ओढाताण वरच्या पातळ थरापुरतीच होते.

राहिला दुसरा ढीग. रोगट फांद्यांचा चुरा पसरलास तर रोगही पसरेल, म्हणून त्या जाळाव्यात. पण परवानगी आधी काढ आणि वारा पडलेला दिवस बघ. ओलं पेटवलंस तर नुसता धूर होईल, दोन-तीन महिने वाळू दे. पेट्रोल शिंपडू नकोस. त्याची वाफ दूरवर पसरलेली असते आणि काडी ओढताच अंगावर येते. भोवतीची जमीन खरवडून मोकळी कर, पाण्याचा पाइप हाताशी ठेव. राख टाकून देऊ नकोस, तिच्यात पोटॅश आणि चुना असतो. पण ती अल्कधर्मी, तेव्हा थोडी थोडीच.

आणि आग विझली असं डोळ्यांनी ठरवू नकोस. मी एकदा ठरवलं होतं. वर पांढरी गार राख, म्हणून निवांत झोपलो. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, राखेखालचे निखारे जागे झाले आणि कुंपणाचे चार खांब गेले. तुझ्या आईने अजून ते माझ्या नावावर ठेवलेत. पाणी ओत, फावड्याने ढवळ, पुन्हा ओत, आणि वाफ येणं थांबेपर्यंत तिथून हलू नकोस.

काडी लावायच्या दिवशीच ढीग नव्या जागी हलवून रच. महिनाभर पडलेल्या ढिगात सरडे, साप, कोणकोण मुक्कामाला आलेलं असतं. फोटोत उजवीकडे, खालच्या फांदीवर, मला घरट्यासारखं काहीतरी दिसलं. तेवढं एकदा बघून कळव.

तुझे,
बाबा