आजची भाकर

प्रिय सुनंदा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं आणि घडी करून बायबलमध्ये ठेवलं. भाऊजींची कंपनी बंद झाल्याचं फोनवर कळलं होतं, पण रात्री तीनला तुझे डोळे उघडतात आणि उजाडेपर्यंत तू पोरीच्या फीचे हप्ते मोजत पडून राहतेस, हे तू कधी बोलली नाहीस. आणि खाली लिहिलंस, "माझा विश्वासच तोकडा पडतोय गं." त्या ओळीसाठी हे पत्र.

अगं, एलिया संदेष्टा आठव. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला ज्याने पाहिला, तोच माणूस पुढच्या अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून "पुरे आता, माझा जीव घे" म्हणतो. देव त्याला रागावला नाही. झोपू दिलं. मग दूताने उठवलं तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा झोपला, तर दुसऱ्यांदा उठवून खायला घातलं, कारण पुढची वाट लांबची होती. तू घाबरतेस म्हणून देव तुझ्यावर नाराज आहे, असं मनातही आणू नकोस.

२०२० चं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. लॉकडाऊनमध्ये ह्यांचा टेंपो दारात उभा, हप्ते थकत चाललेले. एका रात्री पिठाच्या डब्यात वाटी घातली आणि तळाला खर्र असा आवाज झाला. तो आवाज अजून कानात आहे. कडा खरवडून चार भाकरींचं पीठ निघालं. पोरं झोपल्यावर मी वही घेऊन बसले. दूध, भाडं, लाईट, टेंपोचा हप्ता, असा पुढच्या सहा महिन्यांचा हिशेब मांडला. आकडे कुठेच जुळेनात. पहाटे प्रार्थनेला बसले आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे जीभ अडली. संडे स्कूलपासून म्हणतोय आपण हे, एका श्वासात. त्यातलं "आज" मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. मी सहा महिन्यांचं मागत होते, आणि प्रभूने मागायला शिकवलं होतं एका दिवसाचं. रानात इस्राएल लोकांना आकाशातून मिळालेली भाकर, तो मान्नाही तसाच होता ना, उद्यासाठी लपवून ठेवला की किडे पडायचे. मी वही मिटली. दुपारी शेजारच्या काकू रेशनचे गहू दळून आल्या आणि अर्धं पीठ घेऊन आमच्या दारात. काही विचारलं नाही, "डबा कुठंय?" एवढंच म्हणाल्या.

टेंपो मात्र गेला. हे तुला सांगायलाच हवं, कारण साक्ष देताना आपण नेमकं हेच गाळतो. रडून प्रार्थना केली होती, तरी गेला. आणि त्या वर्षात पोरं एक दिवस उपाशी झोपली नाहीत, हेही तितकंच खरं.

म्हणून मला पंडिता रमाबाईंचा फार आधार वाटतो. भरल्या घरात बसून त्या देवावर भरवसा ठेवा म्हणाल्या नाहीत. दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली, आणि भावाबरोबर वणवण करत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाने दिलेली दहा वर्षांची मुदत संपत आली होती. हिशेबी माणसाने दार लावून घेतलं असतं. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे प्रार्थना होत होत्या आणि विहिरीही खणल्या जात होत्या. देवावर भार टाकला म्हणून कुदळ खाली टाकायची, असं त्यांनी कधी मानलं नाही. आणि सुनंदा, त्या मुलींना देवाने भाकर दिली ती कुणाच्या हातून, बघ. जिने स्वतः भूक सोसली होती तिच्या.

यावरूनच तुझ्याशी थोडं भांडायचंय. चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी आणलेलं धान्य तू परत पाठवलंस. "आम्ही देणारे होतो" असं लिहिलंस. अगं, कापणीच्या सणाला वेदीपुढे कणसं, भोपळे, गव्हाची पोती मांडलेली असायची, तेव्हा लिलावात चढी बोली लावून ते पैसे गरिबांना जावेत म्हणून धडपडणारी तूच ना? ते घेणाऱ्यांना तू कधी कमी लेखलंस का? मग स्वतःला का लेखतेस? देवाकडे भाकर मागायची आणि तो ज्या हाताने पाठवतो तो हात माघारी पाठवायचा, हे मला पटत नाही.

फीचं म्हणशील तर कॉलेजच्या ऑफिसात भाऊजींनी लेखी अर्ज द्यावा, हप्ते पाडून मागावेत. कंपनीने थकवलेल्या पगाराचे कागद एका फाईलमध्ये लाव. आणि सहा महिन्यांची वही तूही मिटून ठेव.

मी शनिवारी दुपारच्या एसटीने येतेय. बाजरी दळून ठेवली आहे, बरोबर आणते. ती परत पाठवायची नाही. रात्री तुझ्याकडेच राहीन. तीनला डोळे उघडले तर मला उठव.

भाऊजींना सलाम, पोरीला गोड पापा.

तुझीच,
शालिनी